मेण आणि खडू

९ मे १९९६, गुरुवार

माफी. संक्रांतीनंतर एक ओळ नाही. आजारी नव्हते, घरात काही झालं नाही, वही उशाशीच होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं असं म्हणावं तर ते खोटं. रोज संध्याकाळी वाटायचं, दिवसा जे बघितलं ते परत कशाला बघायचं. एवढंच.

निवडणूक संपली, भोंगे बंद. उज्जैनमध्ये आमच्या फ्रीगंजच्या भिंतींवर पांढऱ्या कुर्त्यातले हात जोडलेले चेहरे अजून आहेत, अर्धे सोललेले. त्यांच्यावर आता 'पैंतालीस दिन में फर्राटेदार इंग्लिश'ची पोस्टरं चिकटताहेत.

विद्यापीठाचं पत्र आलं. मंगळवारपासून मूल्यांकन. बी.ए. फायनल, जनरल इंग्लिश. परीक्षक म्हणून अकरावं वर्ष. अरविंद म्हणाले, "यंदा नाही म्हण ना, या उन्हात." नवऱ्याच्या बँकेत कूलर चालतो, त्यांना काय. नाही म्हणवत नाही. का म्हणवत नाही हे विचारायला हवं कधीतरी.

१४ मे, मंगळवार

परीक्षा भवनाचा वरचा हॉल. चाळीस प्राध्यापक, तीन कूलर, त्यातल्या एकातच पाणी. त्याच्या गवताला काहीतरी मेल्याचा वास. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या, ताज्या. शेजारचे सर समोसा खात कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासतात. कुणाच्या तरी वर्षभराच्या अभ्यासावर तेलाचा गोल डाग. एका कॉपीच्या शेवटी: 'गुरुजी, गौमाता की सौगंध, पास कर देना.' दुसरीत: '२९ को मेरी शादी है.' सर वाचून दाखवतात, हॉल हसतो.

मुख्य परीक्षक तिवारी सर. सकाळी त्यांनी 'मॉडल आन्सर'च्या प्रती वाटल्या. प्रश्न सातवा: 'सिन्सिअर' आणि 'कॅन्डिडेट' या शब्दांचे अर्थ व उगम यांची तुलना करा. गुण दहा. वाचता वाचता कानशिलं गरम झाली. तो मजकूर माझा होता. शब्दन् शब्द.

आठ वर्षांपूर्वी टावर चौकातल्या प्रकाशक पोरवालजींसाठी लिहिलेली गाइड. कव्हरवर नाव नाही, 'एक अनुभवी प्राध्यापक' एवढंच. कॉलेज परवानगी देत नाही, म्हणून सगळे असंच लिहितात. या हॉलमध्ये किती अनुभवी प्राध्यापक बसले असतील कोण जाणे. कोणी कोणाला विचारत नाही, ती रीत आहे.

विचारलं, "सर, यह उत्तर कहाँ से लिया?"

"अरे मॅडम, बाज़ार में इससे अच्छी गाइड नहीं है. बच्चे भी वही पढ़ते हैं, हम भी वही. झगड़ा ही नहीं."

खूष झाले. लिहून ठेवते: मी खूष झाले.

१६ मे, गुरुवार

माझं उत्तर थोडक्यात असं. रोमचे मूर्तिकार संगमरवरातली भेग मेणाने बुजवायचे. जो प्रामाणिक तो सांगायचा, माझी मूर्ती 'मेणाशिवाय'. त्या दोन लॅटिन शब्दांवरून सिन्सिअर. कॅन्डिडेट म्हणजे पांढऱ्या कपड्यातला. पद मागायला निघालेला रोमन माणूस आपल्या झग्याला खडू चोळून तो आणखी पांढरा करायचा. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एक आतून साफ, दुसरा वरून साफ. ही तुलना माझी. आणि शेवटी मुलांना कळावं म्हणून दाखला: लबाड मूर्तिकार म्हणजे आपल्या गावचा दूधवाला, दुधात पाणी घालून शुद्ध म्हणून विकणारा.

आज साठ कॉप्यांत बावन्न दूधवाले. एकात तो दुधात मेण घालतो. एकात दूधवाला रोमन आहे. एकात मूर्ती दुधाची. हसू आलं, आणि लाल पेन आपोआप चालत राहिलं. आठ. आठ. साडेसात. आपलं वाक्य दुसऱ्याच्या अक्षरात बघायला बरं वाटतं. घरी येऊन अंघोळ केली तरी बोटांना लागलेला कॉप्यांच्या गोंदाचा वास जात नाही.

१७ मे, शुक्रवार

एक कॉपी. निळी शाई, बारीक, उभं अक्षर. सातव्या प्रश्नात दूधवाला नाही.

जवळजवळ बिनचूक इंग्रजीत लिहिलं होतं: कॅन्डिडेटची हकीकत कोशात सापडते, पांढरा या अर्थाच्या शब्दापासूनच तो आला आहे. सिन्सिअरची मेणाची गोष्ट मला एकाही कोशात मिळाली नाही. माझ्याकडच्या कोशात मूळ अर्थ फक्त स्वच्छ, निर्भेळ असा आहे, त्यापुढचा उगम नक्की नाही. म्हणून ही तुलना नीट होत नाही. एका शब्दाला उगम आहे, दुसऱ्याला बाजारातली गोष्ट.

बाजारातली.

एक दिला. दहापैकी एक. बाजूला लाल शाईत: 'पाठाला धरून लिहा.'

तिवारी सर मागून जात होते. "किसको डाँट रही हैं, मॅडम?"

"कोई ज़्यादा होशियार है, सर."

"होशियार को पास होने की जल्दी नहीं होती."

हसलो दोघं.

१८ मे, शनिवार

सकाळी कणीक मळताना एकदम लक्षात आलं. मेणाची गोष्ट खरी धरली, त्या मुलाने किंवा मुलीने ती नाकारली म्हणून त्या गोष्टीचे पाच गुण गेले असं धरलं, तरी कॅन्डिडेटचं अर्धं उत्तर बरोबर होतं. मॉडल आन्सरप्रमाणेच बरोबर. त्याच्या पाचांतला एकच दिला, बाकीचे चार कुठे गेले?

चूक नव्हती ती. राग होता. 'बाजारातली' या शब्दाचा राग.

हॉलवर गेल्या गेल्या गठ्ठा मागितला. कालच संध्याकाळी लाख लावून गेला म्हणाले. कॉपीवर रोल नंबर नसतो, सांकेतिक आकडा असतो. तो आकडा मी पाहिला होता, आठवत नाही. अक्षर आठवतं.

दिवसभर दूधवाल्यांना सहा-सहा दिले. हा कुठला न्याय? कालच्यांना आठ, आजच्यांना सहा, कारण बाईंचं मन आज खट्टू आहे.

२२ मे, बुधवार

मूल्यांकन संपलं. कॉलेजात गेले. सुट्टी आहे, ग्रंथपाल गावाला. चपराशाकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं. मोठा कोश, दोन जाड खंड. झुरळांची अंडी पुठ्ठ्याला चिकटलेली, नखाने खरवडून काढली.

कॅन्डिडेट: पांढरा झगा, बरोबर. सिन्सिअर: स्वच्छ, शुद्ध, अखंड, बहुधा 'एकाच वाढीचं' अशा अर्थाचं काहीतरी. आणि मेणाच्या जुन्या कल्पनेला आधार नाही, असं एका ओळीत, कोरडेपणी.

हा कोश मी रुजू झाले त्याआधीपासून इथे आहे. कपाट माझ्या खुर्चीपासून अकरा पावलांवर. मोजली.

मेणाची गोष्ट मी कुठून घेतली? ग्वाल्हेरला बी.ए.ला असताना आमच्या सरांनी वर्गात सांगितली होती, डोळे मिटून. त्यांना त्यांच्या सरांनी सांगितली असेल. सरांनी सांगितलेलं घरी जाऊन कोशात बघणं म्हणजे त्यांच्यासमोर पाय लांब करून बसणं, असं आम्हाला वाटायचं. मग मी सर झाले, आणि माझ्यासमोरही कोणी पाय लांब केले नाहीत. एकाने केले, त्याला एक गुण.

गंमत बघ. ज्याचा अर्थ 'निर्भेळ' त्या शब्दाच्याच गोष्टीत भेसळ. आणि खडू चोळणाऱ्याची गोष्ट खरी. नको, ही पण गाइडमध्ये शोभेल अशी ओळ झाली. सवय जात नाही.

९ जून, रविवार

पोरवालजींच्या दुकानात. त्यांना नवी आवृत्ती काढायची आहे, चार रंगांचं कव्हर, आत पन्नास नव्या 'शब्द-कथा'.

म्हटलं, "वह मोम वाली ग़लत है. निकालनी पड़ेगी."

"ग़लत मतलब?"

"मतलब झूठ है. ऐसा हुआ ही नहीं."

"रोम में हुआ कि नहीं हुआ, उज्जैन में किसको पड़ी है, मॅडम? कहानी चलती है. आजकल सबको अंग्रेज़ी चाहिए, और फटाफट चाहिए." मग समजुतीने, "चलो, मोम देख लेंगे. दूधवाला रहने देना. दूधवाला बच्चों को याद रहता है."

काउंटरवर माझ्याच गाइडची थप्पी. पानं इतकी पातळ की मागची अक्षरं पुढे दिसतात. हातात घेतली आणि ठेवली. मागून उलटी दिसणारी ओळ वाचता आली, कारण पाठ होती.  

पन्नास कथांना 'नाही' म्हटलं का? 'बघू' म्हटलं.

२८ जून, शुक्रवार

निकाल. वर्तमानपत्रात रोल नंबरांच्या रांगा. ते उभं अक्षर यात कुठे आहे, आहे की नाही, हे मला कळायची सोयच नाही. मन म्हणालं, मग झालं तर. त्या 'झालं तर'ची किळस आली.

२ जुलै, मंगळवार

पोरवालजींनी बोलावून एक पाकीट हातात दिलं, हसत. "एक लड़की दे गई है. लेखक का पता माँग रही थी. मैंने कहा, लेखक तो काशी चले गए."

पत्त्याच्या जागी: 'श्रीमान अनुभवी प्राध्यापकजी.' निळी शाई. बारीक, उभं अक्षर.

दुकानाच्या पायरीवरच वाचलं. नाव किरण परमार, नानाखेडा. जनरल इंग्लिशमध्ये चार गुणांनी राहिली, बाकी सगळ्या विषयांत पास. पूरक परीक्षा सप्टेंबरात; पण बी.एड.चा फॉर्म वीस जुलैपर्यंत आणि त्याला पास झाल्याची मार्कशीट लागते. घरच्यांनी हेच वर्ष दिलं आहे, पुढच्या वर्षी लग्न. सातव्या प्रश्नाचं उत्तर तिने कोशावरून लिहिलं होतं, तिला शंका आहे की गुण तिथेच गेले. 'आपने वह कहानी किस ग्रंथ से ली, कृपया बताएँ. यदि ग्रंथ है तो मैं अपनी भूल मान लूँगी. यदि नहीं है तो कृपया इतना लिखकर दे दें.'

चार गुण. मी खाल्ले तेही चारच.

पोरवालजी: "फाड़ दूँ?"

"नहीं."

४ जुलै, गुरुवार

तिवारी सरांच्या घरी गेले. नाव न सांगता विचारलं, असं झालं तर काय करता येतं.

"कुछ नहीं. पुनर्गणना होगी, जोड़ तो सही ही निकलेगा." मग चष्मा काढून, "परीक्षक ख़ुद लिख के दे कि मैंने ग़लत जाँचा, तब कॉपी खुल सकती है. आज तक किसी ने दिया नहीं. क्यों देगा? अगले साल से बाहर, और ऊपर से पूछताछ." चष्मा परत चढवत, "और जिन सबको मोम पर आठ-आठ दिए हैं, उनके काट लोगी?"

नमस्कार करून निघाले.

घरी अरविंदना सगळं सांगितलं. गाइडचं त्यांना माहीत होतं, चार गुणांचं नव्हतं. बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले.

"अगं, चौकशीत गाइड निघणार. मग कॉलेज. रीडरशिपच्या बढतीची फाइल वर गेलीय तुझी."

"माहीत आहे."

"मुलगी सप्टेंबरात पास होईलच. हुशार दिसते."

"हुशारच आहे. म्हणून तर नापास झाली."

"बोलण्यात तुला कोणी हरवू शकत नाही," म्हणाले आणि उठले. रागावले नव्हते. माझ्यासाठी घाबरले होते. त्याने जास्त त्रास झाला.

किरणला कार्ड टाकणार होते, मग वाटलं उशीर होईल. पोरवालजींना निरोप दिला: लेखक काशीहून परत आले, शनिवारी चारला या पत्त्यावर पाठवा.

६ जुलै, शनिवार

आली. बरोबर चारला, सायकलवरून. तेवीसेक वर्षांची, सुती सूट, ओढणीची कड हाताने शिवलेली. सकाळी दोन खोल्यांच्या एका 'कॉन्व्हेंट'मध्ये लहान मुलांना शिकवते. पिशवीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला कोश.

"मॅडम, मैं तो सोच रही थी कोई बूढ़े-से सर होंगे." मग ओशाळली. "सच में आपने लिखी है?"

"हाँ."

"तो वह ग्रंथ...?"

"कोई ग्रंथ नहीं है. मैंने सुना था, लिख दिया. तुम सही हो."

मान हलवली. विजय वगैरे काही नाही चेहऱ्यावर. थोडी निराशच झाली, जणू एखादा ग्रंथ असता तर बरं झालं असतं.

"और दूधवाला?" तिने विचारलं. "वह भी सुना हुआ है?"

"वह मैंने ख़ुद जोड़ा था."

"हमारे पापा का दूध का ही काम है, मॅडम." चहाचा कप दोन्ही हातांत धरून, आवाज न चढवता. "क्लास में जब यह वाला पढ़ाते थे न, सब मुड़ के मुझे देखते थे. एक तो 'पानी, ओ पानी' करके बुलाता था. पापा पानी नहीं मिलाते. तो मैंने सोचा, दूधवाले की बात झूठी है तो मूर्तिकार की भी देख लूँ. इसीलिए कोश खोला था."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडं घासून आले.

मेण चुकलं, ते अज्ञान. दूधवाला अज्ञान नव्हता. गावातल्या एका जातीच्या कामावर, एका घरावर थुंकून मी एक परिच्छेद मजेदार केला होता, आणि आठ वर्षं वर्गावर्गातून तो वाचला जात होता. त्याला आठ-आठ गुण देत होते.

तिला लिहून दिलं: गाइडमधली माहिती चुकीची आहे, विद्यार्थिनीचं म्हणणं बरोबर आहे. खाली पूर्ण नाव, कॉलेज, सही. पहिल्यांदाच अनुभवी प्राध्यापकाने नाव घातलं. अरविंद दारातून बघत होते.

किरणने कागद कोशात ठेवला. "अब तो जिन्होंने जाँचा है, वे समझ जाएँगे न?"

म्हटलं, "समझना चाहिए."

समझना चाहिए. तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. ती समोर होती, घरात दुसरं कोणी बोलत नव्हतं, चहा होता, वेळ होता, आणि मी एवढंच बोलले. निघताना ती पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं नम्रता. त्या समजुतीसकट तिला जाऊ दिलं.

अर्धं खरं सांगून झाल्यावर माणूस किती स्वच्छ दिसतो.

७ जुलै, रविवार

तो कागद घेऊन ती विद्यापीठाच्या खिडकीवर जाईल, खिडकीतला माणूस म्हणेल पुनर्गणनेचा फॉर्म भरा. कागद निरुपयोगी आहे हे मला काल माहीत होतं, सही करताना.

सकाळपासून कुलसचिवांना पत्र. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' लिहिलं. फाडलं. दुसऱ्यात 'मॉडल आन्सरमधील त्रुटीमुळे'. हे खरं आहे, पण दहातले पाच त्रुटीमुळे गेले, उरलेल्यांतले चार माझ्यामुळे. फाडलं. तिसरा: 'सदर उत्तराचा अर्धा भाग मॉडल आन्सरनुसारही बरोबर असताना मी रागाच्या भरात गुण दिले नाहीत. मॉडल आन्सर ज्या गाइडमधून घेतला ती मी लिहिली आहे.' सरकारी पत्रात 'रागाच्या भरात' चांगलं दिसत नाही. राहू दिलं.

तिवारी सरांच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी सापडलं, म्हणजे मला पटेल असं. मेणवाल्यांचे गुण कापू नयेत. त्यांनी जे शिकवलं ते लिहिलं. चूक शिकवणाऱ्याकडे जमा व्हावी. तेही पत्रात घातलं. हे बरोबर आहे की फक्त सोयीचं, अजून सांगता येत नाही.

अरविंदना वाचायला दिलं. दोनदा वाचलं. "टाइप करून आणू का?" म्हणाले. नको म्हटलं, माझ्याच अक्षरात जाऊ दे.

पत्रात एक जागा रिकामी आहे. तिचा रोल नंबर नाही माझ्याकडे. काल विचारला नाही. विचारायला गेलं की ती पोरगी पहिल्यांदा विचारणार, कशाला हवा, मॅडम? पोरवालजींकडून मागवता येईल, कॉलेजच्या बाबूकडून काढता येईल. दोन्ही वाटा तासभर मनात घोळवल्या. दोन्हीत मला तिच्यासमोर उभं राहावं लागत नाही, म्हणूनच त्या सुचल्या.

उद्या: नानाखेड्याला जाऊन किरणला रोल नंबर विचारणे.